एस्टीमचे मागचे स्पीकर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या एस्टीम गाडीचे मागचे नवे स्पीकर पार्सलने पाठवले आहेत. गाडीतला म्युझिक सेट बदलायचा नाही, दुकानदार काहीही म्हणो. मी आले होते तेव्हा आवाज पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे नेऊन ऐकला. पुढचे दोन्ही स्वच्छ, मागचा उजवा खरखरतो. मग मागच्या दोघांच्या वायरींची अदलाबदल केली, तरी खरखर उजव्याचीच राहिली. म्हणजे सेट आणि वायरिंग दोन्ही ठीक, गेलाय तो स्पीकर.

जाळी काढल्यावर तर दिसलंच. कागदी कोनाभोवतीची फोमची कड बोट लागताच भुगा होऊन झडली. मागच्या काचेतून इतकी वर्षं ऊन थेट तिथेच पडतंय. कड गेली की कोन मधोमध राहत नाही, आतली कॉइल घासायला लागते. डावा अजून वाजतो, पण तोही त्याच वयाचा, म्हणून जोडीच घेतली. यांची कड रबराची आहे, जास्त टिकेल.

माप तेच, सहा बाय नऊ इंच, आणि विजेचा रोधही तोच, 4 ओहम. खोक्यावरचा वॉटचा मोठा आकडा क्षणभराचा असतो, त्याकडे बघू नका. आपला सेट सलग जेमतेम 15-20 वॉट देतो, म्हणून कमी ताकदीत खणखणीत वाजणारे निवडलेत. वेगळा अॅम्प्लिफायर लागणार नाही.

बसवून मात्र आपल्या इलेक्ट्रिशियनकडूनच घ्या. डिकीत वाकून खालून हात घालावा लागतो, तुमच्या कमरेला ते झेपणार नाही. त्याला एवढंच सांगा: रुंद पिन प्लस, अरुंद पिन मायनस, दोन्ही बाजूंना सारखंच. एका बाजूला उलटं लागलं तर एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो आणि खर्जाचा आवाज विरतो. भीमसेनजींचा अभंग लावा. पखवाजाची थाप पोकळ वाटली तर वायर उलटी आहे. मागच्या काचेखालचा, स्पीकर बसतात तो ट्रे थरथरू नये म्हणून स्पीकरखाली फोमची पट्टी लावायला सांगा, ती पार्सलमध्येच आहे.

आई, हा सगळा खटाटोप तुझ्यासाठी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू पाय लांब करून मागे बसतेस, तुला शब्द कळत नाहीत म्हणून बाबा आवाज वाढवतात आणि मग त्यांना मागचा हॉर्न ऐकू येत नाही. मला त्याचीच काळजी वाटते. आता आवाज थोडा मागे झुकता ठेवा, एकूण कमीच पुरेल. आणि ट्रेवर छत्री, डबा काही ठेवू नकोस. जोरात ब्रेक लागला तर ते थेट तुझ्या डोक्यावर येईल.

काम झालं की गाडीत बसूनच फोन करा. तू मागून बोल, आई. शब्द कळतात का ते मला तुझ्याकडूनच ऐकायचंय.

तुमची लेक