पर्समध्ये ठेवायचं तरी काय?

संपादकसाहेब, हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतून रात्री उशिरा घरी येणाऱ्या पोरींना जो तो सांगतो की पर्समध्ये स्वतःच्या बचावासाठी काहीतरी ठेव, पण काय ते कोणी धड सांगत नाही. चाकू तर नकोच, एकतर तो हिसकावून आपल्यावरच उलटतो, आणि शहरात महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली शस्त्रबंदी लागू असेल तर उगाच लफडं मागे लागायचं. पेपर स्प्रे बरा, त्यात मिरचीतलंच कॅप्सेसिन असतं, समोरच्याचे डोळे मिटतात आणि आपल्याला पळायला वेळ मिळतो, पण वाऱ्याच्या विरुद्ध मारला की आपलेच डोळे गेले, आणि त्याची एक्स्पायरी डेट बघतं कोण? शिवाय तो नेहमी डबा, चार्जर, पावत्या यांच्याखाली गाडलेला, ऐनवेळी चेन उघडून शोधणार कधी? रिक्षातून उतरतानाच हातात पाहिजे. (विमानात हँडबॅगेत चालत नाही हं, लोहगाव विमानतळावर काढून घेतात.) मला विचाराल तर शिट्टी बेस्ट, स्वस्त आहे, किल्ल्यांच्या जुडग्यालाच अडकवा, मदतीच्या ११२ नंबरला फोन लागेपर्यंत चार लोक वळून तरी बघतील. आणि हे सगळे सल्ले पोरींनाच का, लुटणारे काय पोरांना सोडतात होय?

– एक वाचक, कोथरूड, पुणे