पाऊण सेकंद

पुणे, रविवार रात्र

प्रिय वैशू,

पाकीट आधी उलटसुलट करून बघशील, कुणाची लग्नपत्रिका तर नाही ना म्हणून. नाही गं बाई. दिवाळीपासून तुला एक ओळ नाही, तुझे दोन फोन तसेच राहिले, आणि आता अडलं तशी लिहायला बसलेय. काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे आणि मग पुढं वाच. मी बरी आहे, आईची शुगर आटोक्यात, पाठ नेहमीसारखी. झालं.

मंगळवारी नागपूरला टेकऑफ रिजेक्ट केला, धावत्या विमानाला धावपट्टीवरच थांबवलं.

सकाळची फेरी, मागं १६८ माणसं. टेकऑफ को-पायलटचा होता. पोरगं चोवीस वर्षांचं, 'मॅम' म्हणतं तेव्हा आपण सरांपुढे कशा उभ्या राहायचो ते आठवतं. स्टिक त्याच्या हातात, पण इंजिनांचा जोर कमीजास्त करणाऱ्या थ्रस्ट लिव्हरवर हात कॅप्टनचा, म्हणजे माझा, व्ही-वन होईपर्यंत; त्या वेगापुढं थांबायचं नसतं. थांबायचं की नाही ते एकानंच ठरवायचं, म्हणून. त्या दिवशीचा व्ही-वन १३८ नॉट. मी 'हंड्रेड' म्हटलं, तो 'चेक्ड' म्हणाला, आणि ११५ च्या आसपास समोर लाल दिवा लागला आणि ती घंटा, टिंग टिंग टिंग टिंग, थांबायलाच तयार नाही.

"स्टॉप!"

आवाज माझाच होता म्हणे. पंखांवरचे स्पॉयलर उभे राहिले, ऑटोब्रेक मॅक्सवर होता तो लागला, इंजिनांचा झोत पुढं वळवणारे रिव्हर्सर मी ओढले. पट्टा असा रुतला की अजून खांद्यावर वळ आहे. मागं गॅलीतून कसलंसं भांडं घरंगळत आमच्या दारावर येऊन आपटलं. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरची, निम्मी अजून शिल्लक होती. दोन नंबरच्या इंजिनाला आग, असं पडद्यावर. इंजिन बंद केलं, फायर बटण दाबलं, आग विझवायच्या बाटल्या सोडल्या, दिवा विझला. टॉवर म्हणाला धूर दिसत नाही, फायरवालेही तेच म्हणाले. माणसांना घसरगुंड्यांवरून उतरवलं नाही, कारण त्यात कुणाचा तरी पाय मोडतोच. ब्रेक मात्र ४०० अंशांच्या वर गेलेले, ते निवेपर्यंत तिथंच बसून राहिलो.

आणि आग नव्हतीच! प्रत्येक इंजिनाला आग ओळखणारे दोन लूप असतात. एक बिघडला तर दुसरा सांभाळतो. पण दोन्ही पाच सेकंदांच्या आत बंद पडले, तर यंत्र समजतं की आगीनंच खाल्ले, आणि बोंब मारतं. आमचं तेच झालं. उतरताना एक काका म्हणाले, "एका दिव्यासाठी माझी मीटिंग गेली, मॅडम." मी 'सॉरी' म्हटलं. तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे, आणि ते इथं लिहिता येणार नाही.

चौकशीत सगळे गोड बोलले. माद्रिदला २००८ मध्ये एका विमानाचे वैमानिक पंखांचे फ्लॅप न लावता निघाले, घंटा वाजायला हवी होती ती वाजलीच नाही, १५४ माणसं गेली. त्यापेक्षा खोटी वाजलेली परवडली, असं साहेब म्हणाले. मग रेकॉर्डरचा डेटा दाखवला. घंटा वाजल्यापासून लिव्हर मागं यायला पाऊण सेकंद. सगळे 'वा' म्हणाले. आणि वैशू, मला तेव्हापासून झोप नाही.

पाऊण सेकंदात मी पडद्यावरचं वाचलं कधी? १०० च्या पुढं वाटेल त्यासाठी थांबायचं नसतं. आग, इंजिन गेलं, विमान उडणारच नाही असं काही, एवढ्यासाठीच. म्हणजे आधी बघायचं, मग हात. माझ्या आठवणीत 'फायर' हा शब्द येतो तो लिव्हर मागं आल्यावर. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये आग लागते, हात तिची वाटच बघत असतो. हाच हात १४५ ला हलला असता तर?

मालागाचा अपघात आठवतो? होस्टेलच्या गच्चीवर तूच वाचून दाखवायचीस. १९८२, डीसी-१०, पुढच्या चाकाचा टायर फाटला, विमान थरथरलं, आणि कॅप्टननं व्ही-वन उलटून गेल्यावर थांबवलं. ३९४ पैकी ५० गेले. मी म्हणायचे, मूर्ख होता. तू म्हणायचीस, त्याच्या खुर्चीत बसून बघ. त्यावरून आपण दोन दिवस बोललो नव्हतो, आणि पम्या मध्ये पडून दोघींच्या वाटची भजी खाऊन गेला.

तुझ्या क्लासला नवी जागा मिळाली का? चिरंजीवांची दहावी यंदाच ना? सासूबाईंना नमस्कार.

आता ज्यासाठी लिहितेय ते. बारामतीला शिकताना तुझ्या सेसना १५२ चं दार टेकऑफसाठी धावताना उघडलं आणि तू थ्रॉटल मागं घेतलास. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "बायका दार उघडं टाकून भाजी आणायला जातात, हिनं विमान थांबवलं!" आणि वर्षभर तुला 'कडी' म्हणून हाक मारली. हसायचीस तू, पण त्या वर्षी माझ्या वाढदिवसाला आली नाहीस. मला तेव्हाच कळलं होतं, मी कळून घेतलं नाही.

तर सांग. त्या दिवशी दार आधी दिसलं, की हात आधी हलला? मला बरं वाटावं म्हणून काहीबाही लिहू नकोस. आणि फोन करू नकोस, फोनवर तू हसण्यावारी नेशील. पत्रानंच कळव.

तुझी,
मृणू