काचेचे छप्पर, मागची सीट आणि मे महिन्याचे ऊन

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेले काही रविवार काचेच्या छपराच्या गाड्यांच्या पानभर जाहिराती येत आहेत. मागच्या सीटवरचे मूल मान वर करून चांदण्या बघते आहे, असे चित्र. पुण्यात गाडीत बसून ज्यांना चांदण्या दिसल्या त्यांचे अभिनंदन. भर दुपारी त्याच सीटवर काय होते ते जाहिरातीत नसते, म्हणून हे पत्र.

मी वेधशाळेतून निवृत्त झालो. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले आणि जुने पुणेकर ज्याला अजून सिमला ऑफिस म्हणतात, तेच ते. माझे काम उपकरणांचे. सूर्यप्रकाश नोंदवायला तिथे एक भरीव काचेचा गोळा असे, त्याच्यामागे पुठ्ठ्याची पट्टी. ऊन असेल तेवढा वेळ पट्टीवर जळकी रेघ उमटत जाई. संध्याकाळी पट्टी काढायची, रेघ मोजायची आणि ऊन किती तास होते ते वहीत लिहायचे. सांगायचे एवढेच, की काच आणि ऊन या विषयात मी अगदीच नवखा नाही.

मुलाने यंदा इलेक्ट्रिक गाडी घेतली. गाडी उत्तम आहे, चालते झकास, आवाज नाही. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही तऱ्हा एकाच कंपनीची नाही. छप्पर म्हणजे पुढून मागेपर्यंत एकसंध गडद काच, आणि तिला खालून सरकता पडदा नाही. मे महिन्याच्या मध्यावर बारामतीला लग्न होते. मुहूर्त साडेबाराचा, आणि बारा वाजता आम्ही हडपसर पार करून लोणी काळभोरलाच अडकलेलो. पुढे मुलगा आणि सूनबाई. मागे मी, आमची सौ. आणि मध्ये चाइल्ड सीटला पट्ट्यांनी बांधलेला तीन वर्षांचा नातू. लग्नासाठी खास घातलेली जरीची टोपी त्याने काढून फेकली. डोके इतके तापले होते की हात लावला तर चटका जाणवावा. त्याच्या पट्ट्यांच्या लोखंडी बकलावर मी रुमाल ठेवला. सौ.ने शालूचा पदर डोक्यावरून घेतला, मग त्यावर पर्समधली लग्नपत्रिका धरली. “बाबा, एसी चोवीसवर आहे,” मुलगा म्हणाला. त्यावर सौ. म्हणाली, “मग तू ये मागे, मी चालवते.” तिला गाडी येत नाही.

मुलगा खोटे बोलत नव्हता. गाडीच्या स्क्रीनवर २४ होतेच, पण ते हवेचे तापमान. आम्ही वेधशाळेतसुद्धा तापमान मोजतो ते सावलीत, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत थर्मामीटर ठेवून. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला काय वाटते ते त्या आकड्यात येत नाही. गाडीतले तापमान कित्येक मॉडेलांत स्टिअरिंगजवळच्या एका लहानशा जाळीमागे मोजले जाते. म्हणजे यंत्र बसते पुढे आणि ऊन खातो मागचा. शिवाय एसीचा झोत मागे येतो तो बहुधा दोन सीटांमधल्या जाळीतून, गुडघ्यांवर. गुडघे गार आणि टाळू गरम, अशी ती अवस्था.

घरी आल्यावर स्वस्थ बसवेना. माळ्यावर जुन्या फ्लशच्या टाकीतला तांब्याचा पोकळ गोळा होता. त्याला काळा रंग दिला, भोकातून थर्मामीटर आत सोडला आणि भोवती बूच बसवले. उन्हाचा आणि तापलेल्या पृष्ठभागांचा मारा मोजायची ही जुनी, मान्य पद्धत आहे. तो गोळा मागे डोक्याच्या उंचीवर टांगला आणि दुसरा साधा थर्मामीटर सीटखाली सावलीत ठेवला. एसी चालू, दुपारची वेळ, लॉ कॉलेज रस्त्याची सावली सोडून मुद्दाम उघड्या रस्त्याने फेरी. खालचा थर्मामीटर पंचविशीच्या आसपास राहिला, काळा गोळा तिशी केव्हाच ओलांडून गेला. मुलगा म्हणाला, तुमचा गोळाच काळा आहे. मी म्हटले, माझ्या नातवाचे केसही काळेच आहेत.

आता यात पुण्याचा भाग किती, ते सांगतो. पुणे साडेअठरा अक्षांशावर. त्यामुळे १३ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली पडत नाही तो शून्य सावलीचा दिवस हाच. जुलैत ढग असतात म्हणून निभावते. मे महिन्यात निभावत नाही. अशा दुपारी बाजूच्या खिडक्यांतून ऊन जवळजवळ येतच नाही, येते ते सरळ वरून. साध्या गाडीत पत्रा आणि त्याखालचे अस्तर ते थोपवते. गाड्यांचे माहेर असलेल्या जर्मनीतल्या स्टुटगार्टला ऐन जूनमध्येही सूर्य क्षितिजापासून साधारण ६५ अंशांच्या वर चढत नाही, आणि हिवाळ्यात तिथे ऊन मिळाले तर लोकांना हवेच असते. तिथे काचेचे छप्पर ही चैन असेल. इथे निदान पडद्याशिवाय ती देऊ नये.

निरभ्र दुपारी सूर्य एका चौरस मीटरवर साधारण एक हजार वॅट ओततो. एक इस्त्री म्हणा. काच गडद असली म्हणून ही सगळी उष्णता बाहेर राहत नाही. काही सरळ आत येते, काही काचेतच मुरते, काच तापते आणि मग ती आपली उष्णता खाली सोडत बसते. मागच्या सीटवर बसून तळहात काचेखाली धरा, कळेल. काचेच्या आतल्या बाजूला योग्य लेप असला तर हे बरेच कमी होते. अशा काचा तयार होतात, काही गाड्यांत बसवलेल्याही असतात. कुठल्या गाडीत कुठली काच आहे, हेच गिऱ्हाइकाला समजत नाही.

मी शोरूममध्ये जाऊन विचारले. विक्रेता मुलगा नम्र होता. “काका, नव्याण्णव टक्के यूव्ही कट होते.” होत असेल. दोन थरांच्या लॅमिनेटेड काचेत मधल्या प्लॅस्टिकच्या थरामुळे ते होतेच. पण यूव्ही म्हणजे अतिनील किरण हा उन्हातल्या ऊर्जेचा अगदी थोडा भाग, शंभरातले पाच-सहा. निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते, बाकीची उजेडात. मी विचारले होते उष्णतेचे, उत्तर मिळाले त्वचेच्या काळजीचे. मग त्याने जाळीचा पडदा दाखवला. अॅक्सेसरी, पैसे वेगळे. चार कोपऱ्यांत क्लिपांनी अडकवायचा, मध्ये झोळ पडतो आणि उंच माणसाच्या केसांना लागतो. पडदा गडद असेल तर तो काचेखालीच तापतो. वरच्या बाजूने चंदेरी असलेला त्यातल्या त्यात बरा, कारण थोडे ऊन आल्या वाटेने परत तरी जाते.

पडदा गाडीतच का देत नाहीत, याचेही कारण आहे. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी पायाखाली असते, मजला उंच होतो आणि मागे डोक्याला जागा कमी पडते. अस्तर आणि सरकता पडदा काढला की चार बोटे मिळतात. युक्ती चांगली आहे, फक्त त्या चार बोटांची किंमत कोण मोजतो ते बघा.

कुणी म्हणेल, फिल्म लावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काळ्या फिल्मवर बंदी घातली, ते वाहतूक पोलिसांना आणि आपल्याला चांगले पाठ आहे. मोटार वाहन नियमांतले पुढच्या-मागच्या काचांचे ७० टक्के आणि बाजूच्या काचांचे ५० टक्के हे आकडे काचेतून दिसणारा उजेड निदान किती आरपार जावा, त्याचे आहेत. आत बसलेला दिसावा, ही त्यांची काळजी. आत बसलेला शिजू नये, ही वेगळी काळजी, आणि तिला वेगळा आकडा लागतो.

तो आकडा काढण्याची पद्धत नव्याने शोधायची नाही. वाहनांच्या काचांतून सूर्याची एकूण किती उष्णता आत येते, हे मोजण्यासाठी आयएसओ १३८३७ हे मानक आहे. काच बनवणाऱ्यांकडे तो आकडा असतोच. कंपनीने तो माहितीपत्रकात, बूट स्पेस किती लिटर हे छापतात त्याच पानावर छापावा. आणि छपराची काच सरकत्या पडद्याविना विकायची असेल तर मागच्या सीटसाठी सुटा पडदा गाडीबरोबरच द्यावा, जादा पैसे न घेता. २०२३ पासून अपघातातल्या सुरक्षिततेचे भारत एनकॅपचे तारे आल्यावर शोरूममध्ये लोक तारे विचारू लागले. नव्या ट्रकमध्ये चालकाच्या केबिनला एसी असावा, असा नियम २०२५ पासून लागू झाला, तो फार उशिरा का होईना योग्यच झाला. तेव्हा गाडीच्या आतला उकाडा हा सरकारचा विषय नाही, असे आता म्हणता येणार नाही.

हा नियम होईल तेव्हा होईल. ज्यांना यंदाच गाडी घ्यायची आहे त्यांनी टेस्ट ड्राइव्ह दुपारी साडेबाराला मागावी आणि स्वतः मागे बसावे. विक्रेते संध्याकाळी सहाला बोलावतात आणि प्रभात रस्त्याच्या झाडीतून फिरवून आणतात. तिथे कुठलीही गाडी गारच वाटते.

वाहनांच्या चाचण्या घेणारी ए.आर.ए.आय. संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. तिथल्या कुणा जाणकाराने छपराच्या काचेबद्दल आपल्या सदरातून चार ओळी लिहिल्या तर माझ्यासारख्या अनेकांची सोय होईल. आमच्याकडे तूर्त सौ. पुढे बसते. नातवाची सीट पुढे लावता येत नाही, म्हणून त्याच्यावर छत्री धरायला मी मागे.

आपला,
वेधशाळेतील एक निवृत्त कर्मचारी
सहकारनगर, पुणे