कोळशाच्या गाडीत भरलेल्या आमच्या रुईच्या गाठींबाबत तक्रार

दि. 3 फेब्रुवारी 2025

प्रति,
व्यवस्थापक,
माल वाहतूक कंपनी, वरोरा, जि. चंद्रपूर

विषय : 17 गाठींच्या नुकसानीची भरपाई मिळण्याबाबत

महोदय,

टेमुर्डा परिसरातल्या आम्ही अकरा शेतकऱ्यांनी यंदा कापूस एकत्र करून जिनिंगमधून त्याच्या 60 गाठी बांधून घेतल्या आणि 18 जानेवारीला आपल्या गाडीने इचलकरंजीकडच्या सूतगिरणीला पाठवल्या. 22 तारखेला गिरणीतून फोन आला की खालच्या थरातल्या 17 गाठी काळ्या पडल्या आहेत, या भावात घेता येणार नाहीत. पाठोपाठ फोटोही आले. गाठींचे कापड कोळशाच्या चिखलाने भिजले होते. पट्ट्या तोडल्यावर आत चार बोटे खोल रुई राखाडी झालेली दिसत होती.

हे कसे झाले ते आम्हाला नीट माहीत आहे, कारण आमच्या गटाचा एक मुलगा भरणीच्या वेळी तिथे हजर होता. गाडी रात्री साडेनऊला आली. माजरीकडे कोळसा उतरवून ती थेट जिनिंगवर आली होती. हौद्याच्या कोपऱ्यांत चुरी तशीच होती. मुलाने हरकत घेतल्यावर ड्रायव्हरने आपल्या ऑफिसला फोन लावला. "गाडी धुऊनच पाठवली आहे, भरून घ्या," असे तिकडून उत्तर आले. मग क्लिनरने चार बादल्या पाणी मारले, खराटा फिरवला, आणि ओल्या फळ्यांवर कोळशाचीच ताडपत्री उलटी करून अंथरली. कोरडी चुरी एक वेळ झटकली गेली असती. पाणी पडल्याने तिचा चिखल झाला आणि चार दिवस गाठींच्या वजनाखाली तो वर शोषला गेला.

साहेब, ही रुई स्वच्छ ठेवायला आम्ही काय काय केले ते आपल्याला कळावे म्हणून लिहिते. सकाळचे दव उतरल्याशिवाय वेचणीला हात लावला नाही. रुईत केस जाऊ नयेत म्हणून वेचणाऱ्या बायांनी डोक्याला सुती फडके बांधले. खताच्या प्लास्टिक पोत्याचा एक धागासुद्धा सुतात दिसतो, म्हणून वेचणीसाठी कमरेला बांधायचे ओटे, म्हणजे झोळ्या, जुन्या लुगड्यांचे शिवले. घरात कापसाच्या ढिगावर पोरांना खेळू दिले नाही. पहिल्या वेचणीचा कापूस वेगळा, फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावर राखलेल्या झाडांचा, वेगळा. यासाठी बाया रोज दोन तास जास्त थांबल्या आणि त्याची मजुरीही आम्ही दिली. गिरणीने नमुना पाहून चांगला भाव ठरवला तो या मेहनतीचा. काळा कण एकदा सुतात पिळला गेला की तो काढता येत नाही, हे गिरणीवाल्यांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. त्यांच्यावर आमचा राग नाही.

मी 27 तारखेला आपल्या ऑफिसात आले तेव्हा आपण म्हणालात, "वरोऱ्यात सगळ्याच गाड्या कोळशाच्या, थोडे काळे लागणारच." हे मला फार लागले. वरोऱ्याची सरकारी खाण 1906 सालीच बंद पडली. वर्ध्याहून रेल्वेचा फाटा इथे आला तो त्या कोळशासाठी, हे खरे. पण खाण गेल्यावर हे गाव टिकले ते कापसावर, धान्यावर, बाजारावर. आज आजूबाजूच्या खाणींचा कोळसा आपण वाहता, तो आपला धंदा आहे, त्याला आमची ना नाही. मात्र त्याच गाडीत पांढरा माल घ्यायचा आणि भाडे पूर्ण घ्यायचे, तर गाडी धुऊन वाळवून देणे आपल्याकडे लागते.

आपण बिल्टीवरची, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवरची, "माल मालकाच्या जोखमीवर" ही छापील ओळ दाखवलीत. वाटेत दरड कोसळली असती तर गोष्ट वेगळी. इथे गाडी घाण होती आणि ती धुतल्याचे आपल्या ऑफिसने खोटे सांगितले. अशा हयगयीवर ती ओळ पांघरूण घालू शकत नाही. रस्ता मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे माल बुक झाल्यापासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. हे पत्र ती नोटीस समजावी.

17 गाठींची रुई साधारण 29 क्विंटल, म्हणजे आठ खंडींच्या थोडी वर भरते. गिरणीने खंडीमागे 9,000 रुपये कापले. एकूण 73,000 रुपये आम्हाला कमी मिळाले. ही रक्कम 15 दिवसांत गटाच्या खात्यात जमा करावी. एक विनंती मनापासून आहे : हे पैसे ड्रायव्हर किंवा क्लिनरच्या पगारातून कापू नयेत. ते दोघे त्या रात्री जेवलेलेही नव्हते. गाडी धुवायला त्यांना ना वेळ दिला होता, ना जागा.

बिल्टीची झेरॉक्स, गिरणीचे कपातीचे पत्र, फोटो आणि 17 गाठींचे क्रमांक सोबत जोडले आहेत.

दुसऱ्या वेचणीच्या 40 गाठी जिनिंगच्या शेडमध्ये बांधून तयार आहेत. आपले लेखी उत्तर येईपर्यंत त्या आपल्या गाडीत चढणार नाहीत.

आपली,
सचिव, शेतकरी गट
टेमुर्डा, ता. वरोरा