हंडा रिकामा केला, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, यक्ष म्हणून तुम्ही राखलेला सोन्याच्या होनांचा हंडा आता रिकामा आहे. चोरी झालेली नाही, मीच रिकामा केला. कुबेर महाराजांच्या अलकेत दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितोय. आई, आधी त्यांना नीट बसव, मग पुढचं वाचून दाखव.

मी बरा आहे. इंद्रायणीकाठच्या वडाची ढोली कोरडी आहे, झोप लागते. तुझी घोंगडी अजून ऊब देते.

शके १५५२ ला पाऊस गेला, तेव्हाही काहींची धान्याची पेवं भरलेली होती, बाबा. बाकीच्यांकडे विकत घ्यायला काही उरलं नव्हतं. आधी भांडी गेली, मग बैल, मग जमिनी लिहून दिल्या. मी खाली होनांवर बसून सगळं ऐकत होतो. दुर्गादेवीच्या दुष्काळात तुम्हीही हेच ऐकलं असणार. त्या वर्षांबद्दल तुम्ही घरी कधी बोलला नाहीत. तुमचं चुकलं असं मी मुळीच म्हणत नाही. तुम्हाला आज्ञा होती, आणि पदरात आम्ही लहान होतो.

देहूच्या तुकोबांची बायको गेली, मुलगा गेला, धंदा बसला. लोकांकडून येणं असलेली कर्जखतं तेवढी राहिली होती. धाकट्या भावाचा वाटा त्याच्या हातात देऊन त्यांनी आपला वाटा डोहात सोडला. मी काठाशीच होतो. कागद थोडा वेळ तरंगले, मग कडा जड झाल्या, शाई धुरासारखी पसरली आणि आकडे पुसले गेले. ते त्यांच्या हक्काचं होतं, तरी त्यांनी सोडलं. मी राखत होतो ते तर कुणाचंच नव्हतं.

आधी वाटलं, घरोघरी उंबऱ्यावर होन ठेवावेत. पण गरिबाच्या घरात होन दिसला की तोच चोर ठरतो. शिवाय सगळ्यांच्या हातात एकदम पैसा आला की धान्याचा भाव चढतो आणि होन फिरून पेवाच्या मालकाकडेच जातात. म्हणून रात्री सावकारांच्या पेट्यांत प्रत्येक कुळाचं मुद्दल मोजून टाकलं आणि त्याचं खत उचलून त्याच डोहात बुडवलं. कुणाचा एक रुकाही बुडवला नाही, बाबा. व्याज मात्र दिलं नाही. ते दुष्काळात चढलेलं होतं.

लहानपणी तुम्ही खांद्यावर घेऊन महाराजांचं मुंगूस दाखवायचात. त्याच्या तोंडून पडलेलं माणिक मी एकदा मुठीत लपवलं होतं. तुम्ही माझी बोटं एकेक करून उघडलीत, रागावला नाहीत. आताही मूठ उघडी आहे, बघा. माझ्याकडे काही ठेवलेलं नाही.

महाराजांनी विचारलं तर सगळं माझ्यावर ढकला. स्वतःवर घेऊ नका. तुम्ही घ्याल, म्हणूनच बजावतोय. शंख-पद्मांच्या दारावरचा पहारा आता सोडा, गुडघे ऐकत नाहीत तुमचे. मेघाकडून निरोप धाडणाऱ्या रामगिरीच्या दादाला वर्षभराचा शाप होता, मला फार तर दोन वर्षांचा होईल. आई, तोवर वाट बघत उंबऱ्यात बसू नकोस, गार वारा लागतो तिथे. आत बस.

तुमचा,
धाकटा