तुझ्या यादीतले गोरामी

डिचोली, ४ जुलै

चि. बाय हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी माशांची यादी काल रात्री दोनदा वाचली. म्हापशाच्या घरात तू तीन फुटी टँक बसवलीस आणि तिच्यात एकही मासा सोडण्याआधी मला विचारलेस, याचा फार आनंद झाला. यादीत तू एक ब्लू गोरामी, दोन ड्वार्फ गोरामी, पर्ल गोरामीची एक जोडी आणि एक किसिंग गोरामी असे मासे लिहिले आहेस, आणि खाली विचारले आहेस की सगळे गोरामीच आहेत तर एकत्र नांदतील ना. नांदणार नाहीत. त्याचे कारण तुला नीट उमगावे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू चौथीत असताना आपल्या ओसरीवर दोन फुटी टँक होती, ती तुला आठवत असेल. तिच्यात मी एक ब्लू गोरामी नर आणि दोन ड्वार्फ सोडले होते. दुकानात तिघेही एकाच टँकमध्ये गुण्यागोविंदाने फिरत होते, म्हणून मीही फार विचार केला नाही. आठवड्याभरात ब्लू गोरामीने पृष्ठभागावरचा एक कोपरा बळकावला, आणि पुढे तर अख्खा पृष्ठभागच आपला मानू लागला. लहान ड्वार्फ फिल्टरमागे दडून बसे, श्वासासाठी वर निघाला की अर्ध्यातूनच मागे हाकलला जाई. असे सुरू झाल्यापासून चौथ्या दिवशी सकाळी तो मेलेला तू पाहिलास आणि शाळेत गेली नाहीस. ती चूक पूर्णपणे माझी होती, आणि तुझ्या टँकमध्ये ती पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

गोरामीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्याघड्यांचा एक अवयव असतो. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. त्याच्या साहाय्याने हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेतो. भातखाचरे, दलदली, संथ ओढे अशा कमी प्राणवायूच्या पाण्यात त्याचे कूळ वाढले, आणि आपल्याकडची मरळ जशी अधूनमधून वर येऊन हवा घेते, तशीच याचीही रीत आहे. टँकमध्ये एअर पंप कितीही जोरात चालवला तरी त्याला वर यावेच लागते. आता यातली अडचण पाहा. नर गोरामी विणीच्या वेळी बुडबुड्यांचे घरटे बांधतो, तेही पृष्ठभागावरच, आणि त्याच्या आसपास कुणालाही फिरकू देत नाही. म्हणजे ज्या जागेसाठी नर भांडतात, तीच जागा प्रत्येक गोरामीच्या श्वासाची आहे. इतर कित्येक जातींत दबलेला मासा खालच्या दगडाआड लपून दिवस काढतो. गोरामीला ती सोय नाही. म्हणून गोरामी निवडताना मी रंग सर्वात शेवटी पाहतो. आधी पाहतो तो पृष्ठभाग किती आहे आणि त्यावर हक्क सांगणारे नर किती होणार आहेत.

तुझी टँक ९० सेंटिमीटर लांब, ३८ रुंद आणि ४५ उंच आहे. हिशेबाने ती सुमारे १५४ लिटरची होते, पण वाळू, दगड आणि वर सोडायची मोकळी जागा वजा जाता १३० लिटरच्या आसपास पाणी मावेल. एवढ्या जागेत गोरामीची एकच जात ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

किसिंग गोरामी यादीतून आधी काढ. दुकानात तो बोटाएवढा दिसतो, पण वाढला की फूटभर होतो, आणि त्याचे ते 'चुंबन' म्हणजे बहुधा दोन माशांचे तोंडाला तोंड लावून जोर अजमावणे असते. ब्लू गोरामीची कथा वर सांगितलीच आहे. तो १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, आणि दुकानांत गोल्ड किंवा ओपलीन नावाने मिळणारे मासेही त्याच जातीचे रंगभेद आहेत, तेव्हा नाव बदलले म्हणून स्वभाव बदलला असे समजू नकोस. जायंट गोरामीची पिल्ले कुणी स्वस्तात देऊ लागला तर घेऊ नकोस. तो अर्ध्या मीटरहून मोठा होणारा मासा आहे, आग्नेय आशियात तो खाण्यासाठी पाळतात.

ड्वार्फविषयी मात्र मला अधिक लिहायला हवे, कारण तुझे मन त्यावर बसले आहे हे मला दिसते. निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा हा मासा मुळात आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला आहे. परंतु दुकानांत येणारे पावडर ब्लू किंवा फ्लेम रेड हे प्रकार पिढ्यान्‌पिढ्या फार्मवर निवडून वाढवलेले असतात, आणि त्यांच्यात इरिडोव्हायरस नावाच्या विषाणूचा रोग वारंवार आढळतो. मासा आणताना ठणठणीत दिसतो. पुढे त्याचा रंग उतरतो, तो खाणे सोडतो, पोट फुगते किंवा अंगावर व्रण उठतात, आणि त्यावर औषध नाही. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात एका मत्स्यशेतीतली मरे कॉडची पिल्ले मोठ्या प्रमाणावर मेली, तेव्हा त्यांच्यात सापडलेला विषाणू ड्वार्फ गोरामीच्या विषाणूशी अगदी जवळचे नाते असलेला निघाला. म्हणून टँकमधला आजारी मासा किंवा टँकचे पाणी व्हाळात कधीही सोडू नकोस, पावसाळ्यात तर मुळीच नाही. शिवाय दोन ड्वार्फ नर एका टँकमध्ये ठेवले की एकाला पृष्ठभाग परका होतो. या दोन कारणांसाठी ड्वार्फ नको, असे मी तुला आग्रहाने सांगतो.

तुझ्या यादीतला पर्ल गोरामी मात्र तू उत्तम निवडला आहेस. मलाया, सुमात्रा आणि बोर्निओच्या संथ पाण्यातला हा मासा १० ते १२ सेंटिमीटर होतो, त्याच्या अंगभर मोत्यांसारखे ठिपके असतात, आणि मोठ्या गोरामींमध्ये इतका शांत दुसरा मी पाहिलेला नाही. फक्त जोडी घेऊ नकोस. एक नर आणि दोन माद्या घे, म्हणजे नराचा पाठलाग एकाच मादीच्या वाट्याला येणार नाही. वयात आलेल्या नराचा गळा आणि छाती नारिंगी-तांबडी होते आणि पाठीवरचा पर लांब, टोकदार असतो. मादीचा पर आखूड आणि गोलसर असतो. अगदी लहान पिल्लांत हे ओळखू येत नाही, म्हणून थोडे मोठे मासे मिळेपर्यंत थांब.

चांगले पर्ल मिळालेच नाहीत तर पाच-सहा हनी गोरामी आण. हाही ईशान्य भारत आणि बांगलादेश इकडचा, जेमतेम ५ सेंटिमीटरचा, लाजाळू आणि सोशिक मासा आहे. यातल्या नर-मादीत इतका फरक असतो की १८२२ साली गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिणाऱ्या फ्रान्सिस हॅमिल्टनने त्यांची दोन वेगळ्या जाती म्हणून नोंद केली होती. विणीच्या वेळी नर मधासारखा केशरी होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळसर दिसतो. दुकानात मात्र दोघेही फिकटच असतात, म्हणून लोक त्यांच्याकडे पाहत नाहीत. 'सनसेट' या नावाने मात्र कधी हनी, तर कधी म्यानमारचा मोठा, जाड ओठांचा गोरामी विकला जातो, तेव्हा विचारून घे. पर्ल आणि हनी दोन्ही आणू नकोस.

सोबतीला मधल्या पाण्यात आठ-दहा हार्लेक्विन रासबोरा आणि तळाला सहा कॉरिडोरास पुरेत. दोघेही पृष्ठभागावर हक्क सांगत नाहीत. टायगर बार्ब नको. गोरामीच्या पोटाखालचे दोन लांब धाग्यांसारखे पर त्याला हातासारखे असतात, त्यांनीच तो समोरची वस्तू चाचपतो, आणि टायगर बार्ब नेमके तेच कुरतडतो. एंजल, फायटर आणि शेवाळ खातो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर, हेही नकोत. कॉरिडोराससाठी वाळू बारीक आणि गुळगुळीत हवी, पण ती समुद्रकिनाऱ्यावरून आणू नकोस. तिच्यातल्या शिंपल्यांच्या चुऱ्यातून क्षार उतरून पाणी जड होते आणि या माशांना मऊ पाणी मानवते. आपल्या जांभ्यातल्या विहिरीचे पाणी त्यांना सोसले, तुझ्या नळाच्या पाण्यात मात्र क्लोरीन असणार, म्हणून दर वेळी अँटीक्लोरीन घाल.

फिल्टरचा झोत काचेकडे वळव, कारण वाहत्या पाण्यात गोरामी दमतो. मागच्या बाजूला वॅलिसनेरियाची रोपे दाट लाव, आणि वर थोडी साल्व्हिनिया ही तरंगती वनस्पती राहू दे, पण निम्मा पृष्ठभाग मोकळा ठेव. पाणी आणि झाकण यांत चार बोटांचे अंतर असू दे. झाकणाखालची हवा ऊबदार राहिली पाहिजे. पाणी २५ ते २८ अंश असले की पुरे, हीटर लागलाच तर पौषातल्या रात्रींना लागेल. पावसाळ्यात वीज फार वेळ गेली तर त्या दिवशी खाऊ घालू नकोस आणि रासबोरांवर लक्ष ठेव, कारण गोरामी हवा घेऊन तग धरतो, त्यांना ते जमत नाही.

अजून तीन आठवडे तरी मासे आणू नकोस. पुढच्या शुक्रवारी मी बाजाराला म्हापशाला येणार आहे, तेव्हा माझ्या फिल्टरमधला जुना स्पंज टँकच्याच पाण्यात भिजलेला डब्यातून घेऊन येतो. तो तुझ्या फिल्टरमध्ये बसवला की त्यातले जिवाणू तुझ्या टँकमध्ये रुजतील, माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवू लागतील, आणि मग आधी रासबोरा आणि सर्वात शेवटी गोरामी, असे आपण दोघे मिळून दुकानात जाऊन निवडू. तोवर टँक पाण्याने भरून फिल्टर चालू ठेव, आणि स्पंज ठेवायला फिल्टरमध्ये किती जागा आहे ते मोजून कळव, म्हणजे मी तेवढाच कापून आणीन.

तुझे,
बाबा