एकाकीपणाचं खापर नास्तिकांवर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकाकीपणाचा विषय निघाला की ‘लोकांची श्रद्धा उडाली, म्हणून ही वेळ आली’ असं ठोकून दिलं जातं. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली या प्रश्नासाठी मंत्री नेमले, तर त्याचाही दाखला याच सुरात! हे निदान मला अर्धवट वाटतं.

प्रॉटेस्टंट भागांत आत्महत्या कॅथलिक भागांपेक्षा जास्त का, हा प्रश्न फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ सालीच हाताळला होता. आत्महत्या दोन्ही पंथांना निषिद्धच. मग फरक शिकवणुकीत नसून पंथ माणसांना एकमेकांशी किती घट्ट बांधतो यात आहे, असं त्यांनी मांडलं. त्यांच्या आकडेवारीवर पुढे बरेच आक्षेप आले. पण २०१० साली लिम आणि पुटनम या संशोधकांना अमेरिकेतही तसंच काहीसं आढळलं. प्रार्थनेला नेमाने जाणाऱ्यांपैकी ज्यांचे तिथे जवळचे मित्र होते, ते अधिक समाधानी होते. नेमाने जाऊनही तिथे कुणाशी मैत्री नसलेले मात्र कधीच न जाणाऱ्यांपेक्षा काही सुखी नव्हते.

म्हणजे खरं काम करतात ती प्रार्थना आटोपल्यावर दारात रेंगाळणारी माणसं. ‘गेल्या वेळी दिसला नाहीत, तब्येत बरी ना?’ एवढीच चौकशी. आता प्रवचन मोबाइलवर येतं, हात जोडल्याची चिन्हं भराभर पडद्यावरून सरकतात आणि ऐकणारा मध्येच झोपी गेला तरी कुणाला पत्ता नसतो.

शिवाय हीच घट्ट वीण शंका विचारणाऱ्याला, परधर्मात लग्न करणाऱ्याला बाहेर टाकते. काल ज्याला घरचा मानलं, त्याला पाहून आज माणसं रस्ता बदलतात. याला श्रद्धेचा अभाव म्हणायचं की श्रद्धावंतांचा बहिष्कार?

आमच्या नास्तिक मित्रांनाही मार्क्सचं ‘धर्म ही जनतेची अफू आहे’ हे वाक्य तेवढं पाठ असतं. १८४४ सालच्या त्याच परिच्छेदात त्याने धर्माला ‘हृदयशून्य जगाचं हृदय’ही म्हटलंय, ते कुणी सांगत नाही.

प्रार्थनास्थळांच्या विश्वस्तांना एक सुचवावंसं वाटतं. एरवी कुलूपबंद असणारी सभागृहं, कुणाच्या श्रद्धेची चौकशी न करता, बसायला-बोलायला उघडी ठेवा. गैरहजर माणसाला फोन करायचं काम कुणावर तरी सोपवा, आणि त्या यादीत येणं सोडून दिलेल्यांचीही नावं असू द्या.

– एक वाचक